अर्ध्या शटरचे सोमवार

“किती?” मी विचारलं.

हौसाबाईंनी डोळे मिटले, मान कलती केली आणि बाजारात कोथिंबिरीचा भाव ठरवावा तशा थाटात म्हणाल्या, “तीन.”

माझ्या हातातलं पेन गळून पडलं.

“तीन? नीट आठवून सांगा. गेल्या गुरुवारी सात होते. त्याच्या आधी नऊ.”

“मग आता तीन हाईत. का, चुकलं व्हय?”

चुकलं होतं. फार मोठं काहीतरी चुकलं होतं, आणि हौसाबाई समोर बसून खुशाल हसत होत्या. पेशंटचं दुखणं कमी झालं म्हणून घाम फुटलेली फिजिओथेरपिस्ट त्या दिवशी अख्ख्या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

सोळा वर्षं झाली त्याला. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. तासगावकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मला नुकतीच नोकरी लागली होती आणि ‘पद्मजा मगदूम’ अशी पाटी छातीवर लावून मी नको तिथेही मिरवत होते. आमच्याकडे हात-पाय गमावलेली माणसं बरीच यायची. कुणाचा हात कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये गेलेला, कुणाचा पाय ट्रॅक्टरखाली, कुणाचा साखरेच्या आजारानं. जखम भरली की लोक म्हणायचे, सुटलात. पण ती सुटलेली नसायची. कापून टाकलेला हात दुखतच राहायचा. जिथे काहीच नाही तिथे ठणका लागायचा, बोटं पिळवटायची, तळव्याला आग सुटायची.

हौसाबाई थोरातांचा उजवा हात कोपराखाली नव्हता. पहिल्या दिवशी त्या मला म्हणाल्या होत्या, “बाई, ह्या हातानं मूठ आवळून धरलीया. दोन वर्सं झाली. नखं रुतत्यात तळव्यात. जरा सांगा की तिला, सोड म्हणावं.” दावं ओढणाऱ्या एखाद्या हट्टी रेडकाची तक्रार करावी तसं त्यांनी ते सांगितलं. त्याआधी त्या चार डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. नसलेला हात कसा दुखेल, असं म्हणून चौघांनीही त्यांना झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या.

त्यावर उपाय म्हणून डॉक्टर कोरगावकर सरांनी आरशाचा अभ्यास काढला. उपाय साधा होता. दोन हातांच्या किंवा दोन पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा. धडधाकट हात हलवायचा आणि आरशात बघायचं. तिथे दुसरा हातही जागेवर दिसतो, हलतो, मूठ उघडतो. डोळ्यांना पटलं की हळूहळू दुखण्यालाही पटतं. परदेशात हे करून पाहिलेलं होतं, पण सरांना ते आमच्या माणसांवर, आमच्या मोजमापानं बघायचं होतं. म्हणून बारा जण निवडले आणि चिठ्ठ्या टाकल्या. सहांना आरसा, सहांना तोच आरसा पण वर कापड घातलेला. व्यायाम तोच, वेळ तितकाच. दुखणं शून्य ते दहामध्ये मोजायचं. सहा आठवड्यांनी सगळं लिहून झालं की कापडवाल्यांनाही आरसा देणार होतो, पण तोवर नाही.

या सगळ्यासाठी आम्हाला एक खोली मिळाली होती. पूर्वी तिथे हॉस्पिटलच्या चादरी ठेवायचे. ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले होते, “आरसेवाल्यांचं दुखणं उतरलं आणि कापडवाल्यांचं नाही, एवढं कागदावर दाखवा. खोली कायमची तुमची. नाहीतर चादरी परत येतील.” नसलेल्या हाताचं दुखणं खरं मानणारी ती तालुक्यातली एकुलती एक खोली होती. ती जाऊ नये म्हणून मी अक्षरशः नवस बोलले होते.

हौसाबाईंची चिठ्ठी मीच उचलली होती. तिच्यावर ‘कापड’ लिहिलेलं होतं. ती गुपचूप बदलावी असं एकदा मनात आलं, पण सर शेजारीच उभे होते. मी मुकाट्यानं कापड घातलं. त्यानंतर दर गुरुवारी त्या बाईला मी फुकटचा व्यायाम करायला लावत होते आणि तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

आणि आता ती कापडवाली बाई मला तीन म्हणून सांगत होती.

पाठोपाठ रंगराव काशीद आले. बाजारपेठेत त्यांचं केस कापायचं सलून होतं. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला, तरी जयपूर फूट लावून दिवसभर खुर्चीमागे उभे राहायचे. तेही कापडवालेच. आल्या आल्या म्हणाले, “दोन! मॅडम, लिवा दोन. दीड म्हटलं तरी चालंल.”

संध्याकाळपर्यंत कापडवाल्या सहाही जणांचे आकडे घसरले. आरसेवाल्यांचे घसरले होतेच. दोन्ही गट खांद्याला खांदा लावून बरे होत होते आणि आमची खोली बुडत होती.

सरांनी वही पाहिली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिली.

“मगदूम, हे कापड कुठून आणलंत?”

“घरून सर. आईनं जुना पडदा दिला.”

“कसला पडदा?”

“मोरी आणि स्वयंपाकघराच्या मधला.”

कोरगावकर सर कधी विनोद करायचे नाहीत. त्यांनी तो पडदा खिडकीशी नेऊन उजेडात धरला. तो पारदर्शक आहे का, हे त्यांनी माझा हात पलीकडे धरून तपासलं. मग नाकाशी नेऊन वासही घेतला. “साधा पडदाच दिसतो,” ते खिन्नपणे म्हणाले. आईच्या पडद्याला गुण असता तर तिचे गुडघे आधी बरे झाले असते, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

खरं काय ते आमच्या वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं, तेही मला बाजूला घेऊन, पदर तोंडावर धरून. “त्या हौसाबाईला आवरा वो. बाजारपेठेत नावं ठेवाय लागल्यात लोक. सोमवारी सलूनं बंद असत्यात का न्हाई? आणि ही बाई दर सोमवारी रंगरावाच्या दुकानात शिरती. अर्ध्या शटरखालनं, वाकून! दोन-दोन तास भायेर येत न्हाई.”

बायकामाणसांनी पाऊल न ठेवायची ती जागा, तीही सुट्टीच्या दिवशी. मला काय काय सुचलं ते सांगत नाही. सोमवारी सकाळी दहा वाजता मी बाजारपेठेत जाऊन उभी राहिले.

सलूनवर ‘सोमवारी बंद’ अशी पाटी होती आणि शटर कमरेपर्यंत वर होतं. आतून आवाज येत होता. कुणीतरी खणखणीत आवाजात शाळेची कवायत घेत होतं.

“एकसाथ! मूठ मिटा... सोडा. मिटा... सोडा. पाटीलबुवा, आपले लक्ष कुठे आहे? आरशात बघा, पंख्याकडे नव्हे!”

आवाज ओळखीचा होता. जमादार मास्तर. निवृत्त शिक्षक, उजवा पाय नसलेले, माझ्या आरसेवाल्या गटातले सगळ्यात शहाणे पेशंट. आमच्या खोलीत काय चालतं हे बाहेर कुणाला सांगू नका, असं मी सर्वांना बजावलं होतं. मास्तरांनी ते बाहेरच्या कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त आतल्यांना सांगितलं होतं, एसटी स्टँडच्या बाकावर बसून, उदाहरणांसहित.

मी वाकून आत डोकावले. भिंतीवरचे सगळे आरसे उतरवून खाली घेतलेले. एकावर वर ‘सुस्वागतम’ रंगवलेलं, एकाच्या कोपऱ्यात टिकल्या चिकटवलेल्या. माझे कापडवाले पाच जण खुर्च्यांवर आणि बाकड्यावर बसलेले, प्रत्येकाच्या मांडीशी आरसा. मध्ये कुबडी घेऊन मास्तर. आणि रंगराव हातात पाण्याचा फवारा आणि फडकं घेऊन एकेकाचा आरसा लख्ख पुसत फिरतायत.

“रंगराव!” मी ओरडले.

कवायत थांबली. पाटीलबुवांनी घाईघाईनं आपला आरसा बनियनखाली लपवायचा प्रयत्न केला. दीड फुटाचा आरसा.

“आत या मॅडम,” रंगराव अगदी शांतपणे म्हणाले. “डोकं संभाळा, शटर लागंल.”

“हे काय चाललंय? कोणी सांगितलं तुम्हाला?”

“मास्तरांनी सांगितलं, पर त्याच्या आधीच कळलं हुतं. तीस वर्सं आरशाम्होरं उभा हाय मी. आरशावर कापड घालून कोण व्यायाम घेतंय? म्हटलं, मॅडमकडं आरसं कमी पडल्यात. गरिबाचं हास्पिटल. आपल्याकडं सोमवारी सात आरसं रिकामं.”

मी रागावणार होते. खरंच रागावणार होते. सहा आठवड्यांचा अभ्यास त्यांनी फवारा मारून पुसून टाकला होता. तेवढ्यात माझं लक्ष हौसाबाईंकडे गेलं. त्यांना आमच्या असण्या-नसण्याचं भानच नव्हतं. त्या आरशात डोळे रुतवून बसल्या होत्या. डावी मूठ आवळलेली. ओठ दाताखाली धरलेला.

आरसा त्यांनी मांड्यांमध्ये तिरका धरला होता. त्यामुळे आरशातला हात खांद्यापासून फटकून भलतीकडेच दिसत होता. हे मला दिसलं आणि मग मला राहवलं नाही. थांबवायची ती वेळ होती, वही मिटायची ती वेळ होती. मी पुढे गेले, गुडघे टेकले आणि आरसा सरळ केला.

“असा धरा. छातीच्या मधोमध. आता त्या हाताकडे बघा. तो तुमचाच आहे. हळूच उघडा.”

डावी मूठ उघडली. आरशातली उघडली. करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, मग सगळी.

“सुटली,” हौसाबाई पुटपुटल्या. मग इतक्या मोठ्यानं किंचाळल्या की समोरच्या किराणा दुकानातला माणूस शटरखालून आत डोकावला. “सुटली गं बाई, सुटली! पोरी, समदी बोटं मोकळी झाली! ह्यो बग अंगठा!”

त्यांनी मला कवटाळलं. त्या रडत होत्या आणि मीही रडत होते. मास्तर चष्मा काढून शर्टाला पुसत होते. पाटीलबुवांच्या बनियनमधला आरसा खाली सरकून जमिनीवर आदळला आणि फुटला. त्याचं कुणाला काहीच वाटलं नाही.

मंगळवारी मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली.

“म्हणजे तुम्ही पाहिलंत, आणि थांबवलं नाहीत.”

“नाही सर. उलट आरसा सरळ करून दिला.”

“हं. मग ट्रस्टच्या कमिटीलाही हे तुम्हीच सांगायचं. एक अक्षर न गाळता.”

शनिवारी मी सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे सिद्ध काही झालं नाही?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “नाही.” खोटं बोलून खोली वाचली असती, पण त्या खोलीत बसून उद्या मी कुणाला आकडा खरा सांगा म्हणणार होते? त्याच संध्याकाळी चादरी परत आल्या. मी घरी जाऊन आईचा पडदा तिला परत दिला आणि जेवले नाही.

सोमवारी सर म्हणाले, “चला. अभ्यास मोडला असला तरी शेवटचे आकडे घ्यायचे असतात.” सहा फुटांचे कोरगावकर सर, इस्त्रीच्या शर्टात, अर्ध्या शटरखालून ओणवे होऊन सलूनमध्ये शिरले. खोली गेल्याचं सगळ्यांना कळलेलं होतं. कवायत आपोआप बंद पडली.

सरांनी एकेकाला विचारलं. पाटीलबुवा चार. मास्तर दोन. हौसाबाई तर एकावर आल्या होत्या आणि उरलेला तो एकही कुणाला द्यायचा तर देऊन टाकते म्हणाल्या.

“काशीद, तुमचं?”

रंगरावांनी फडकं घडी करून खांद्यावर टाकलं. “खोली गेली ती गेलीच न्हवं सायेब?”

“गेली.”

“मग आता खरं सांगाय हरकत न्हाई. आठ.”

“आठ?” मी म्हणाले. “गेल्या आठवड्यात दोन होते!”

“पयल्या दिवसापास्नं आठच हाईत. पायाची बोटं एकावर एक चढून बसल्यात, ती उतरतच न्हाईत.”

“मग खोटं का सांगितलंत?”

“तुमची खोली जाईल म्हणून! आकडं उतरलं तर खोली ऱ्हाती, असं मावशी म्हणत हुती. म्हणून मी आपलं उतरवत गेलो. अजून उतरवलं असतं, पर शून्य म्हणाय जीभ रेटंना.”

बिचारे. आकडे उतरायचे ते आरसेवाल्यांचे. कापडवाल्यांचे उतरले की खोली बुडते, हे त्यांना कोण सांगणार? आमची खोली वाचवायला त्यांनी चार आठवडे ठणका गिळून ती बुडवायला हातभार लावला होता. मला हसावं की रडावं कळेना.

“तुम्ही स्वतः आरशापुढे बसलातच नाही का?” सरांनी विचारलं.

“बसलो की, दुकान उघडायच्या आधी, रोज. पर मला न्हाई फसवत ह्यो. आरशातला डावा कान म्हंजे खरा उजवा, हे ह्या हाताला तीस वर्सं पाठ हाय. बाकीच्यांना गुण येतोय न्हवं, बास झालं.”

हे शास्त्रात बसतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्या क्षणी एवढंच कळलं की ज्यानं सगळ्यांना आरसे पुसून दिले, त्याच्याच पदरात काही पडलं नव्हतं.

आणि तेवढ्यात जमादार मास्तर “या अल्ला!” म्हणून किंचाळले. एका पायावर उभं राहून राहून त्यांच्या डाव्या पायाला गोळा आला होता. हौसाबाईंनी त्यांना खुर्चीत ढकललं, स्वतः फरशीवर बैठक मारली आणि त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं.

“तीन म्हशी एका हातानं पिळते मी, तुमचा गोळा कुठं जातोय?” असं म्हणून त्यांनी अंगठा असा रोवला की मास्तरांच्या तोंडून मराठीच फुटेना.

“हौसाबाई,” रंगराव एकदम म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र झाला होता. “थांबू नका. त्या करंगळीजवळ दाबा. तिथंच. जरा खाली.”

“अहो, पाय माझा आहे,” मास्तर कळवळून म्हणाले. “कुठे दुखतंय ते मला विचारा.”

“पाय तुमचा असंल, पर लागतंय मला!”

आम्ही सगळे गर्रकन त्यांच्याकडे वळलो. रंगराव खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. डोळे मास्तरांच्या पावलावर खिळलेले, तोंड उघडं. सरांनी भराभरा खिसे चाचपले, कागद सापडेना, तेव्हा दाढीचा साबण पुसायच्या वर्तमानपत्राचा तुकडा उचलला.

“किती?”

“सहा.”

सर म्हणजे सर. त्यांनी ग्राहकाच्या अंगावर घालायचं कापड ओढलं आणि मास्तरांच्या पावलावर टाकलं. हौसाबाईंचा हात आत चालूच होता.

“आता?”

“गेलं वो! परत आठ. काढा ते कापड! तुमचं आणि कापडाचं काय नातं हाय सायेब?”

कापड काढलं. पुन्हा सहा. मग पाच. मास्तर म्हणाले, “माझा गोळा केव्हाच गेला, आता मला सोडा, माझी हाडं दुखतायत.” त्यांनी पाय मागे घेतला आणि रंगरावांचा चेहरा पडला. तिथे डावं पाऊल असलेले आणखी दोघेतिघे होते, पण सर कुणासाठी थांबले नाहीत. त्यांनी डाव्या पायातला बूट काढला. मोजाही काढला. मोज्याला भोक होतं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग कोरगावकर सर सलूनच्या खुर्चीत बसले आणि हौसाबाईंसमोर त्यांनी पाऊल धरलं.

“दाबा,” ते म्हणाले. “काशीद, बघत राहा. मगदूम, लिहा.”

हौसाबाईंनी अंगठा लावला आणि सर जे खिदळले! त्यांना गुदगुल्या होतात हे त्यांच्या बायकोलाही ठाऊक नसावं. ते खुर्चीत वळवळत होते, “हळू... अहो हळू... आकडा घ्या!” म्हणून ओरडत होते. रंगराव “बोटं सुटी करा, एकेक सुटं करा” म्हणून सूचना देत होते. मी हसता हसता वर्तमानपत्रावर लिहीत होते. चार. चार. तीन. दोन. या वेळचा दोन खरा होता. हे मी शपथेवर सांगते, कारण तो म्हणताना रंगराव रडत होते.

पुढची दोन वर्षं आमचा दुसरा अभ्यास दर सोमवारी त्याच सलूनमध्ये चालला. दुसऱ्याच्या पायाची मालिश बघून आपल्या नसलेल्या पायाला बरं वाटतं का, हा त्याचा विषय. सगळ्यांना वाटलं नाही, पण बऱ्याच जणांना वाटलं. त्या अभ्यासाच्या अर्जातल्या ‘स्थळ’ या रकान्यात सरांनी सलूनचं नाव लिहिलं आणि कमिटीत कुणी हसलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी त्याच विषयावर पुढे शिकले, आज तोच शिकवते. चादरींच्या खोलीची मला कधी आठवणही झाली नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी सर घाम पुसत बूट चढवत होते, हौसाबाई हात धूत होत्या आणि रंगराव तिथेच, आपल्याच दुकानातल्या ग्राहकाच्या खुर्चीत बसून राहिले होते. मी पहिल्यांदाच त्यांना त्या खुर्चीत बसलेलं पाहत होते.

“काय झालं रंगराव? बरं वाटतंय ना?”

“लई बरं वाटतंय,” ते म्हणाले. “तीस वर्सं लोकांची डोस्की चोळतोय मॅडम. माझी मालिश आज पयल्यांदा झाली. आणि तीबी सायेबांच्या पायावर.”